तीस वर्षांचा हिशोब

हंबोल्ट जातीचा पेंग्विन समुद्रावर १५ ते २० वर्षं जगतो आणि माणसाच्या ताब्यात ३० वर्षांपर्यंत जगतो. प्राणिसंग्रहालयाची बाजू घेणारा कुणीही हे दोन आकडे समोर टाकतो आणि हात झटकून मोकळा होतो. मोठा आकडा कोणता? तीस. मिटलं.

माझ्या मते इथं काहीच मिटत नाही. बाळापुरात बसून पेंग्विनची उठाठेव कशाला, असं काही साथी विचारतील. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, किल्ल्याखाली मन आणि म्हैस या दोन्ही नद्यांचे दगड उघडे पडतात, खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि हा माणूस थंड समुद्रातल्या पाखराचं लिहितो! लिहितो, कारण त्या पाखराला जो युक्तिवाद लावतात तोच आपल्या बापजाद्यांना लावला गेला होता. आणि त्याचं धड उत्तर आपल्या पोरांकडे नाही, हे मी बघितलं आहे.

आमच्या अभ्यासवर्गातली पोरं दरसाल ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. अभिवादन झालं, पुस्तकांच्या स्टॉलवर खिसा रिकामा झाला, की उरलेल्या वेळात मुंबई पाहतात. त्यातले चौघं-पाच जण भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन काचेमागचे पेंग्विन बघून आले. पुढच्या बैठकीत त्यातला एक म्हणाला, "भाऊ, तिथं एसी हाय, डाक्टर हाय, टायमावर मासोळी भेटते. समुद्रात असता तं कवाचाच मेला असता. मंग त्याले गुलाम काहून म्हनाव?"

दुसरा लगेच उसळला, "अबे, पन दरवाजा कोनाच्या हातात हाय?"

टाळ्या पडल्या. पहिला पोरगा ओशाळून गप्प बसला. मला त्या टाळ्या आवडल्या नाहीत. त्याचा प्रश्न खरा होता आणि आपण त्याला घोषणेनं गप्प केलं. ही सवय आपल्या चळवळीत फार आहे.

आधी राणीच्या बागेचं बघू. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून आठ हंबोल्ट पेंग्विन मुंबईत आणले. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यातली एक मादी जंतुसंसर्गानं मेली. उरलेल्या सातांचं दालन मार्च २०१७ मध्ये लोकांसाठी उघडलं. आतली हवा १६ ते १८ अंशांवर ठेवतात. त्याच वर्षी ऑगस्टपासून बागेचं तिकीट मोठ्या माणसाला ५ रुपयांचं ५० रुपये झालं. आईबाप आणि दोन लेकरं मिळून १००. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथं अंड्यातून पिल्लू निघालं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. वर्तमानपत्रांनी स्वातंत्र्यदिनाची सांगड घालून त्याचं कौतुक केलं. आठवडाभरात ते मेलं. २०२१ पासून मात्र पिल्लं जगू लागली आणि पुढं सातांची संख्या दुपटीच्या वर गेली. सांभाळणाऱ्यांनी मेहनत घेतली, हे मान्य केलं पाहिजे.

आता तीस वर्षांच्या त्या हिशोबात ती ऑक्टोबरमध्ये मेलेली मादी कुठं धरली? ते आठवड्याचं पिल्लू कुठं धरलं? "तीस वर्षांपर्यंत" यातला "पर्यंत" हा शब्द बघा. पिंजऱ्याच्या बाजूनं जो सगळ्यात जास्त जगला त्याचं वय सांगायचं आणि समुद्राच्या बाजूनं साधारण पाखराचं. तालुक्यात पहिला आलेल्या एका पोराचे मार्क दाखवून शाळा चांगली असल्याचं सांगतात, तसाच हा प्रकार. नापास झालेले कुठं गेले, ते विचारायचं नाही.

पण एवढ्यावर जिंकल्यासारखं वाटून घेऊ नका. पिंजऱ्यात जनावर खरोखर जास्त जगतं, असं बऱ्याच जातींबाबत दिसलेलं आहे. २०१६ साली पन्नासच्या वर सस्तन प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८४ टक्के जाती प्राणिसंग्रहालयात रानापेक्षा जास्त जगतात असं निघालं. मुख्य फायदा लहान, थोडं आयुष्य असलेल्या जातींना. रानात त्यांना कुणीतरी खातं, पिंजऱ्यात खायला कुणी नसतं. हत्तीचं मात्र उलटं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यम आयुष्य १६.९ वर्षं भरलं. केनियातल्या अंबोसेलीच्या रानात, माणसानं मारलेल्या धरल्या तरी ३५.९, आणि त्या वगळल्या तर ५६. आशियाई हत्तिणींचं तर आणखी विचार करण्यासारखं आहे. ब्रह्मदेशात सागवानाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तिणी ४१.७ वर्षं जगल्या आणि युरोपात बसून खाणाऱ्या १८.९. म्हणजे राबणारी जास्त जगली. पायात साखळी दोघींच्याही होती, पण एकीला रात्री रानात सोडत होते, आपल्या जातीच्या कळपात ती फिरत होती.

तेव्हा "कोंडलेला जास्त जगतो" हा निसर्गाचा नियम नाही. कोणाला कोंडलं, किती जागेत, कोणाबरोबर, यावर ते आहे. हे हत्तीचे आकडे पोरांना सांगितले तर ती खूश होतील आणि उद्याच्या भाषणात वापरतील. पण मी विचारतो, हत्तीसुद्धा पिंजऱ्यात साठ वर्षं जगले असते तर? मग आपण पिंजरा कबूल केला असता काय? आपलं म्हणणं आकड्यावर उभं असेल तर आकडा फिरला की आपणही फिरणार.

आकड्यांचं निघालंच आहे म्हणून एक आडवं बोलतो. दलित स्त्री वरच्या जातीतल्या स्त्रीपेक्षा १४.६ वर्षं आधी मरते, हे आपल्या भाषणांत ऐकू येतं. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांविषयीच्या २०१८ च्या अहवालातला हा आकडा आहे, ३९.५ आणि ५४.१. पण तो मरणाऱ्यांच्या वयाची सरासरी आहे, आणि ती म्हणजे आयुर्मान नव्हे. ज्या समाजात लेकरं आणि तरुण जास्त, तिथं मरणाऱ्यांतही तेच जास्त, म्हणून सरासरी खाली येते. २०२२ साली नऊ राज्यांच्या पाहणीवरून आयुर्मानाचा नीट हिशोब झाला. त्यात दलितांचं आयुष्य वरच्या जातींतल्या हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी भरलं, आदिवासींचं चार वर्षांहून अधिक. ती पाहणी २०१०-११ ची, आणि त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. म्हणून हा आकडा सांगायचा तो हे सगळं सांगून. चौदाच्या जागी तीन म्हटलं म्हणून अन्याय लहान होत नाही. लाखो माणसांच्या आयुष्यातली प्रत्येकी तीन वर्षं कोणीतरी खाल्ली. पेंग्विनवाल्यांच्या "पर्यंत"वर बोट ठेवायचं असेल तर आपला आकडाही स्वच्छ पाहिजे.

आता समुद्राकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे. समुद्रावरचा पेंग्विन लवकर का मरतो?

बर्फातला पक्षी म्हणून आपण त्याला ओळखतो, पण हा हंबोल्ट बर्फात राहत नाही. पेरू आणि चिलीच्या ओसाड, रखरखीत किनाऱ्यावर राहतो. तिथलं ऊन आपल्याला ओळखीचं वाटेल. पाणी मात्र थंड, कारण दक्षिणेकडून थंड प्रवाह वाहत येतो. या प्रवाहामुळे अँचोव्ही नावाची बारकी मासोळी तिथं उदंड. त्या मासोळीवर समुद्रपक्ष्यांचे थवे वाढले, आणि त्यांची विष्ठा हजारो वर्षं बेटांवर साचत गेली. पेरूच्या चिंचा बेटांवर तिचे थर शंभर फुटांच्याही वर होते. तिला ग्वानो म्हणतात. पेंग्विन त्या घट्ट थरांत बीळ उकरायचा आणि आत अंडी घालायचा. वर ऊन, आत गारवा.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतीला खत हवं झालं. १८४० नंतर जहाजंच्या जहाजं भरून ग्वानो इंग्लंडकडे गेला. तो खणायला १८४९ पासून चीनमधून करारावर माणसं आणली. करार नावाचाच, गुलामीच ती. पक्ष्यांची घाण उपसता उपसता, तिच्या तिखट धुळीत माणसं मेली, काहींनी स्वतः जीव दिला. घाण उपसायला कोणाला लावायचं, याची रीत फक्त आपल्याच देशात नव्हती. इथं ती जातीनं ठरवली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली, एवढा फरक. थर खरवडून बेटं खडकाला लागली आणि पेंग्विनचं बीळ गेलं. उघड्यावर घातलेलं अंडं उन्हानं तापतं, समुद्रपक्षी उचलून नेतात. त्यानंतर मासोळीची पाळी आली. मोठ्या बोटींनी अँचोव्ही उपसली, तिचं पीठ करून जगभरच्या कोंबड्या-डुकरांना घातलं. जी उरली तिच्यामागं पोहणारा पेंग्विन कोळ्यांच्या जाळ्यात गुदमरून मरतो.

त्यात एल निनो. काही वर्षांनी हा समुद्र तापतो, थंड पाणी वर येत नाही, मासोळी खोल जाते किंवा पांगते. १९८२-८३ च्या एल निनोत या पेंग्विनांचा मोठा संहार झाला. आणि हे प्रकरण आपल्या अंगणापर्यंत येतं. एल निनोच्या सालात आपल्याकडचा पाऊस पुष्कळदा रुसतो. दर खेपेला नाही, १९९७ साली तसं झालं नाही. पण १९७२ मध्ये तो समुद्र तापला, पेरूची मासेमारी कोसळली आणि इकडे महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला ज्याच्या सुकडीची चव आपल्या घरच्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर राहिली. २०१५ लाही तेच पाणी तापलं होतं. पेंग्विनच्या पोटात मासोळी नाही त्या वर्षी आपल्या सोयाबीनच्या शेंगेत दाणा नाही, असं कैकदा झालं आहे.

तेव्हा समुद्रावरची १५-२० वर्षं हे काही निसर्गानं कपाळावर लिहिलेलं वय नव्हे. बीळ खणून नेलं, मासोळी उपसून नेली, जाळी टाकली, आणि मग म्हणायचं, बघा, बाहेर बिचारा लवकर मरतो, आमच्याकडे सुखात आहे. राणीच्या बागेनं पेरूचा ग्वानो उपसला असं मी म्हणत नाही. पण ज्या दुनियेनं बाहेरचं जगणं तोडलं तिनंच बाहेरचं वय पट्टी म्हणून वापरायचं, ही लबाडी आहे.

ही लबाडी मला ओळखीची वाटली, कारण ती मी घरात ऐकली आहे. माझा आजा सालदार होता. पाडव्याला साल ठरायचं ते पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षाची ठरलेली ज्वारी, एक धोतरजोडा, दिवाळीला काहीतरी. मालक म्हणायचा, माझ्या गोठ्यात कोणी उपाशी मेलं नाही. आणि ते खरं होतं! आजा स्वतः सांगायचा की खरं होतं. रोजमजुरीवर बाहेर जगणारी माणसं पावसाळ्यात उपाशी राहत, सालदाराच्या घरी निदान आंबील शिजे. मग आजा मालकाचा उपकार मानायचा का? त्याचं उत्तर मला अजून आठवतं. तो म्हणायचा, "बाहेरचं सारं वावर बी त्याचंच व्हतं ना रे बाप्पा." बाहेर मजुरी किती द्यायची, हे ठरवणारा तोच. गोठा सावलीचा वाटावा इतकं बाहेर ऊन त्यानंच ठेवलं होतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरचं जे भाषण लिहिलं (लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं ते होऊ दिलं नाही), त्यात हाच मुद्दा वेगळ्या अंगानं आहे. राधाकृष्णन यांनी हिंदू समाज हजारो वर्षं टिकला, हाच त्याच्या थोरवीचा पुरावा मांडला होता. बाबासाहेबांनी तो पुरावाच मोडीत काढला. किती काळ टिकलात हे राहू द्या, कोणत्या पायरीवर टिकलात ते सांगा, असा त्यांचा रोख आहे. नुसतं टिकणं आणि मानानं जगणं यांत त्यांनी फरक केला.

आपली पोरं हा मुद्दा उचलतात आणि चुकीच्या माणसावर चालवतात. मी ऐकलं आहे: "आपले म्हातारे लाचार होते, बलुत्याच्या भाकरीवर जगले." अरे, बाबासाहेबांनी हा प्रश्न कोणाला विचारला? जो आपल्या टिकण्याची फुशारकी मारत होता त्याला. ज्याला कोंडलं होतं त्याला नाही. पेंग्विनला विचारायचं का, की तू आयती मासोळी का खातोस? प्रश्न किल्लीवाल्याला विचारायचा असतो. आणि आपल्या म्हाताऱ्यांनी तर, वेळ आली तेव्हा, किल्लीची वाटही पाहिली नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या गावात लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं बलुतं बंद केलं, कामावर बोलावणं बंद केलं. आजी त्या दोन वर्षांचं फार बोलायची नाही. तरोट्याची भाजी, अंबाडी, कधी नुसतं पाणी. माझा एक चुलता त्या काळात बारशाच्या आत गेला. त्याला नाव नाही, म्हणून मी इथं नाव लिहू शकत नाही.

त्याचं वय सरासरीत धरा. तुमचा हिशोब सांगेल की गोठा सोडल्यावर आयुष्य कमी झालं. बरोबर सांगेल. त्या दोन वर्षांत आमच्या वस्तीचं आयुष्य खरंच कमी झालं असणार. तरी आजीच्या तोंडून, परत जायला पाहिजे होतं, असं मी कधी ऐकलं नाही. पण तिनं त्या लेकराच्या मरणाला कधी हौतात्म्यही म्हटलं नाही. आपण मंचावरून "ताठ मानेनं एक दिवस" असं सहज बोलून जातो, तेव्हा तो दिवस संपल्यावर कोणाचं लेकरू मरणार आहे, याचा विचार बोलणाऱ्यानं केलेला नसतो. थोडं जगणं हे काही स्वतःहून थोर नाही. ते ज्याचं त्यानं निवडलं पाहिजे, आणि निवडल्यावर त्याला एकटं टाकता कामा नये. आमच्या वस्तीला त्या दोन वर्षांत शेजारच्या गावच्या आपल्याच लोकांनी पायली-पायली ज्वारी पोचवली. म्हणून बाकीचे जगले.

पेंग्विन निवडू शकतो का? टोकियोची एक गोष्ट सांगतो, खरी आहे. मार्च २०१२ मध्ये तिथल्या समुद्रजीवालयातून वर्षभराचा एक हंबोल्ट पेंग्विन पळाला. नाव नव्हतं, नंबर होता, ३३७. उंच खडक आणि कुंपण ओलांडून तो टोकियोच्या खाडीत गेला. पिंजऱ्यात वाढलेलं पोर, जित्या मासोळीमागं पोहायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, मरेल. खाडीही कसली, जहाजांची, कारखान्यांची. ८२ दिवसांनी, मे महिन्यात त्याला पकडलं तेव्हा तो धडधाकट होता, स्वतः मासे धरून पोट भरत होता. आपल्यातला एखादा कवी यावर लगेच विद्रोहाची कविता लिहील. मी त्याला सांगेन, थांब. त्यानं बंड केलं की नुसता वाट फुटली तिकडे गेला, हे त्याचं त्याला माहीत. पाखराच्या तोंडात आपलं भाषण कोंबणं हाही कोंडण्याचाच प्रकार. पण एक गोष्ट त्यानं दाखवून दिली. "बाहेर तो एक दिवस टिकणार नाही" हे जे खात्रीनं सांगतात, त्यांनी कधी दार उघडून बघितलेलं नसतं.

म्हणून भायखळ्याचे पेंग्विन अरबी समुद्रात सोडा, असं मी म्हणतो का? नाही. ते पाणी त्यांच्यासाठी गरम आहे, तिथं सोडणं म्हणजे मारणं. पेरूला नेऊन सोडलं तर तिथली मासोळी आधीच तोकडी, आणि इथला एखादा रोग तिथल्या थव्यात जायची भीती. जन्मापासून काचेआड वाढलेल्याला एका सकाळी दार उघडून "जा, तू मोकळा" म्हणणं ही जबाबदारी झटकण्याची रीत आहे. आपल्याला कागदावर जमीन दिली आणि पाणी दिलं नाही, कर्ज दिलं नाही, बैल दिला नाही, तेव्हा आपण काय म्हटलं होतं? तेच इथं लागू आहे. जे आणले आणि जे इथं जन्मले, त्यांना मरेपर्यंत चांगलं ठेवणं हे आता मुंबईचं देणं आहे. मोठी जागा, खोल पाणी, जोडीदार. त्यासाठी पैसा लागेल आणि तो गोरगरिबांच्या तिकिटातून काढायचा नाही. बाहेरून आणखी पाखरं आणायची नाहीत. आणि तीस वर्षांची पाटी कुठं लावलीच तर तिच्याखाली ग्वानोचं, जाळ्यांचं आणि एल निनोचंही लिहायचं, म्हणजे बाकीची वर्षं कुठं गेली ते बघणाऱ्या पोरांना कळेल.

त्या गप्प बसलेल्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्याला निम्मंच पटलं. तो म्हणाला, "भाऊ, मोठी जागा देल्ली, खोल पानी देल्लं, तरी दरवाजा त्याहिच्याच हातात ना?" आता या बाजूनं तो बोलत होता आणि टाळ्या वाजवणारे गप्प होते. त्यानं लेखी मांडावं, पुढच्या अंकात जागा ठेवली आहे. स्टेन्सिल कापायच्या आत द्यावं, एवढंच त्याला सांगितलं आहे.